स्टीलच्या पातेल्याला धार का येत नाही?

लोखंड मये गावाला नवीन नाही. आमच्या आजूबाजूच्या डोंगरांतले खनिज वर्षानुवर्षे बार्जमध्ये बसून डिचोलीच्या नदीतून मांडवीत आणि पुढे मुरगाव बंदरात गेले. पण लोखंडाचे खरे चमत्कार आपल्या स्वयंपाकघरातच दिसतात.

स्टेनलेस म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेले पोलाद. हवा लागताच क्रोमियमचा अगदी पातळ पापुद्रा वर धरतो आणि गंजाला अडवतो. पण पातेले आणि सुरी दोन्ही स्टेनलेसच, मग एकाला पोचे पडतात आणि दुसरी धार धरते, ते कसे?

पातेल्याच्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. साध्या लोखंडात अणूंची जी मांडणी फक्त तापल्यावर असते, ती निकेलमुळे थंड झाल्यावरही टिकते. तिला ऑस्टेनाइट म्हणतात. असे स्टील तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही. सुरीत निकेल जवळजवळ नसते, कार्बन जास्त असतो. ती हजार अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड केली की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होते: कडक, पण ठिसूळ. म्हणून सुरी पुन्हा हलकी तापवतात. कोयत्याला पाणी देणारा लोहार दुसरे काय करतो? शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली यांनी १९१३ मध्ये असे स्टील बनवले ते बंदुकीच्या नळ्यांसाठी शोध घेताना. गाव सुऱ्या-कात्र्यांचे, त्यामुळे ते पोचले जेवणाच्या टेबलावर.

३०४ कडक करायचे तर ते थंड असतानाच ठोकावे, ओढावे, दाबावे लागते. त्यात थोडे मार्टेन्साइट होते, म्हणून पातेल्याच्या वळणाला लोहचुंबक हलकेसे चिकटते. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये. उलट, मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. चुंबकाची परीक्षा अर्धवटच.

आता कठड्याची गोष्ट. आमच्या घराच्या पायऱ्यांना आईसाठी स्टीलचा कठडा बसवला. दोन पावसाळ्यांत तांबूस डाग पडले, पण फक्त वेल्डिंगच्या जोडांपाशी. बसवणाऱ्याचे म्हणणे, स्टील खराब निघाले. मला ते पटले नाही; तसे असते तर मधली नळीही डागाळली असती. वेल्डिंगच्या बाजूचा भाग साधारण ४५० ते ८५० अंशांत रेंगाळला की कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमांवर बसतो. सीमेलगतची पट्टी क्रोमियमवाचून उघडी पडते. तिथून गंज आत शिरला तर जोडाची ताकदच जाते, आणि आई उतरताना सगळा भार त्यावरच टाकते. वेल्डिंगचा निळा-तपकिरी थर तसाच ठेवला तरी वरून असाच डाग धरतो. आमचा डाग या दुसऱ्या जातीचा होता. आम्लाची पेस्ट लावून, धुऊन जोड साफ करून घेतले, तो गेला.

नवीन कठडा करणार असाल तर बिलावर ३०४एल लिहून घ्या. त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो. घर मांद्रे-हरमलसारखे समुद्राला लागून असेल तर मॉलिब्डेनम घातलेले ३१६एल घ्यावे, महाग पडले तरी. आणि जोड साफ केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.