बिबल्याचा पेला आणि सोडलेल्या गोळ्या

रायपूरच्या सदर बाजारातली सराफी दुकानं मागे टाकून गोलबाजाराकडे वळलं, की जडीबुटीवाल्यांकडे बीजाच्या लाकडाचे पेले मिळतात. बीजा म्हणजे आपला बिबला, आयुर्वेदातला विजयसार. रात्री पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी तांबूस झालं की प्यायचं. यात काही वावगं नाही. डोकं फिरतं ते त्याच्याबरोबर मिळणाऱ्या सल्ल्यानं: "काकू, आता शुगरच्या गोळ्या सोडा. सरकारनंच सिद्ध केलंय."

काय सिद्ध केलंय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1998 साली विजयसारवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. इथवर सगळे सांगतात. पण ते सगळे नुकतंच निदान झालेले टाइप 2 चे रुग्ण होते. पंधरा वर्षं गोळ्या घेणारे नव्हेत. त्यांना पेल्यातलं पाणी नव्हे, ग्रॅममध्ये मोजलेला अर्क दिला होता: बहुतेकांना 2 ग्रॅम, काहींना 3 ते 4. शिवाय तुलनेला दुसरा गटच नव्हता. नव्या रुग्णाची साखर निव्वळ पथ्यानंही उतरते, मग श्रेय अर्काला किती द्यायचं?

पेल्याची मात्रा तर कुणीच मोजत नाही. नवा पेला गडद रंग सोडतो, वापरून वापरून फिका पडतो. म्हणजे 'औषध' रोज वेगळं. रंग उतरला म्हणजे गुण उतरला, हे कुणी ठरवलं? "माझी उपाशीपोटीची एकशेदहा आली" हा पुरावा नव्हे. तीन महिन्यांचा हिशेब एचबीए1सी सांगते. गोळ्या सोडल्यावर वाढलेली साखर दुखत नाही. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड मुकाट्यानं खराब होत राहतात. टाइप 1 च्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांत जिवावर बेततं.

बाकीचे समज थोडक्यात. "कडू गोडाला मारतं": कारल्याबद्दल 2012 च्या कॉक्रेन आढाव्याला पुरेसा पुरावा सापडला नाही, भाजी म्हणून खुशाल खा. गुडमार चघळल्यावर साखर मातीसारखी लागते, कारण जिभेची गोड चव काही वेळ झाकली जाते. रक्ताला त्याचा पत्ता नसतो. मेथीतला तंतू साखरेचं शोषण मंदावतो खरा, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात रोज 25 ग्रॅम पूड होती, भिजवलेले दहा दाणे नव्हे. गूळ म्हणजे साखरच.

"झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो" म्हणणाऱ्यांसाठी: 2000 साली कॅलिफोर्नियात 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्यांत ग्लायबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध निघालं. आपल्याकडे तर 1954 च्या कायद्यानं मधुमेह बरा करण्याची जाहिरातच निषिद्ध आहे.

पेला आवडत असेल तर ठेवा, गोळ्यांसोबत. मात्र डॉक्टरांना तसं सांगा. दोन्हींनी मिळून साखर फार उतरली, तर घाम आणि थरथर कशानं आली हे त्यांना कळायला हवं.