शिंगराची हाडं, पोरांची हाडं आणि उसाचं वाढं



गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच, मार्गशीर्षात, शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा आणि मोठा घोडेबाजार भरतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेतही घोडे येतात. हौसेने शिंगरू घेऊन येणारे सभासद आम्हांला दोन प्रश्न हमखास विचारतात. घोड्यावर बसून पोराची उंची वाढते का? आणि शिंगराला वाढं चालतं का? दोन्हींचं उत्तर हाडांत आहे, म्हणून एकत्रच सांगतो.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असतं. जिथे ताण पडतो तिथे ते भरतं, ताण गेला की झिजतं. जर्मन शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी हा नियम 1892 साली मांडला. अंतराळात महिनोन् महिने राहणाऱ्यांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला सुमारे एक टक्का घटतं, ते यामुळेच.

आधी पोरांचं पाहू. घोडेस्वारीने उंची वाढत नाही. तसेच पाय फेंगडे होतात ही समजूतही खरी नाही; लहानपणी पाय वाकतात ते बहुधा मुडदुसाने, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व किंवा चुना कमी पडल्याने. स्वारीने मांड्या, कंबर, पाठ घट्ट होते, तोल येतो. पण हाड भरायला पायांवर दणका बसावा लागतो, आणि स्वाराचे पाय तर लोंबते! वयात येतानाच्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडाचा जवळजवळ चौथा हिस्सा भरतो. त्या वयात पोरा-पोरींना पळणं, दोरीवरच्या उड्या, खो-खो, कबड्डी हवीच. दूध, नाचणी, ऊनही हवं. घोड्यावर जरूर बसवा, पण डोक्याला हेल्मेट घालूनच.

आता शिंगरू. लांब हाडांच्या टोकाला वाढीची कोवळी पट्टी असते. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची पट्टी दोन-अडीच वर्षांपर्यंत बुजत नाही. पाठीच्या मणक्यांना पाच वर्षं नाहीतर अधिकही लागतात. म्हणून आदत शिंगरावर बसू नये. पहिले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात. तीन वर्षांनंतर हलकी स्वारी सुरू करावी, जड कामाला जुळेपर्यंत थांबावं. मात्र तोवर दावणीला बांधूनही ठेवू नये. मोकळ्या रानात पळू द्यावं, त्यानेच हाड भरतं. पुढेही स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापलीकडे नको. 300 किलोच्या तट्टावर 60 किलो, बस्स.

सगळ्यांत महत्त्वाचं, वाढ्याचं. शिंगरू घरी येतं त्याच दिवसांत वाढं मुबलक असतं, आणि मग तेच दावणीत पडतं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते आतड्यातच चुन्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. बैलाच्या पोटातले जंतू त्यातलं बरंचसं मोडतात, तरी वाढ्यावरच्या जनावरांना खनिज मिश्रण द्यावंच लागतं. घोड्याच्या पोटात ही सोय तशी नाही. त्यात भर म्हणून गव्हाचा कोंडा घातला तर दुहेरी नुकसान. कोंड्यात चुन्याच्या नऊ-दहापट स्फुरद असतं. रक्तातला चुना राखण्यासाठी शरीर मग हाडांतूनच चुना काढतं. शिंगरू पाय बदलत लंगडतं, तोंडाची हाडं सुजून फुगतात. लंगडणं उपचाराने थांबेल, पण फुगलेला चेहरा बहुधा तसाच राहतो.

तेव्हा वाढं बैलांना ठेवा. शिंगराला ज्वारीचा वाळलेला कडबा, गवत आणि चुना भरपूर असलेला लसूणघास द्या. कोंडा मूठभरच. खनिज मिश्रण किती द्यावं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. लसूणघासाला दोन गुंठे पुरतात. उसाच्या कडेला तेवढी जागा प्रत्येकाकडे निघेल.