शाफ्ट आधी, चाक नंतर

बीएमडब्ल्यूने 1923च्या आर 32 मोटरसायकलपासूनच मागचं चाक चेनऐवजी शाफ्टने फिरवलं. 1969 ते 1973 दरम्यानच्या आर 75/5 मध्ये हा शाफ्ट उजव्या स्विंगआर्मच्या नळीत, तेलात फिरतो. रिस्टोरेशन करताना आधी चाक उतरवायची घाई करू नका! तेल काढून गिअरबॉक्समागचा रबरी बूट सरकवला की चार बोल्टचा जोड दिसतो. एकेक बोल्ट समोर आणायला चाकच फिरवावं लागतं आणि तो सोडवताना शाफ्ट रोखायला मागचा ब्रेकच उपयोगी पडतो. बोल्टची डोकी बारा कोनांची, जागा अडचणीची. पाना पुरता बसल्याशिवाय जोर लावू नये. पुढे चाक, फायनल ड्राइव्ह, मग शाफ्टसकट स्विंगआर्म. शाफ्टच्या कपलिंगचे दात बोटाने चाचपा, धारदार लागले तर झिजलेत. परत जोडताना बोल्ट मात्र नवेच घ्या.