आपल्या कुत्र्यावर परक्याने हात उगारला तर

कुत्रं चावलं तर काय करायचं, हे आपण मागे बरेचदा बोललो आहोत. आज उलट बाजू बघू. आपल्या कुत्र्यावर कुणी परका माणूस धावून आला, लाथ घातली, दगड उगारला, नाही तर भाकरीत विष घातलं, तर आपण काय करायचं?

आम्ही माझगावच्या बायका. इथं चाळीच्या जिन्याखाली एखादं कुत्रं असतंच. तुमच्याकडे ते गोठ्याच्या दारात असतं, शेळ्यांच्या मागे असतं. जागा वेगळी, पण भांडण एकच. एक म्हणतो, ‘तुमचं कुत्रं अंगावर आलं.’ दुसरा म्हणतो, ‘आधी दगड तुम्ही मारलात.’ मग कुत्रं राहतं बाजूला आणि दोन घरं बोलायची बंद होतात.

हे भांडण मुंबईला नवं नाही. माझगावपासून थोड्याच अंतरावर फोर्ट आहे. तिथं १८३२ साली कुत्र्यांवरून मोठी दंगल झाली होती. त्या वेळी सरकार इंग्रजांच्या कंपनीचं. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि लस निघालेली नव्हती, म्हणून उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम असे. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे ही त्या काळी मोठी रक्कम. हावेपोटी शिपायांनी पाळीव कुत्रीही धरायला सुरुवात केली. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांच्यात विधी आहे. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, तसंच समजा.

६ जून १८३२ रोजी पारशांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कुत्री धरायला आलेल्या गोऱ्या शिपायांना जमावाने मारलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली. त्यात हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं आणि पुष्कळांना अटक झाली. मग शहरातल्या प्रतिष्ठित लोकांनी सरकारकडे अर्ज केला आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. पुढे १८३४ साली भुलेश्वरला पांजरापोळ सुरू झाली. ती सुरू करण्यात सर जमशेटजी जिजीभॉय होते. आमच्याजवळच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे गृहस्थ.

यातून आपण काय घ्यायचं? मारामारी करणारे तुरुंगात गेले आणि कुत्री वाचली ती अर्जाने. दुसरं म्हणजे त्या हुकमामागची भीती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावून माणसं मरतच होती. लस आली ती १८८५ साली, पाश्चर यांनी शोधलेली. म्हणजे १८३२ साली लोकांकडे जे नव्हतं, ते आज आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मिळतं. म्हणून कुत्र्याचं पहिलं संरक्षण म्हणजे लस. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी द्या आणि कार्ड जपून ठेवा. ‘हे कुत्रं पिसाळलंय, मारा’ अशी हाकाटी झाली की ते कार्डच उपयोगी पडतं. गळ्यात पट्टा असू द्या. पट्टा दिसला की या कुत्र्याला धनी आहे हे परक्यालाही कळतं.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचं ते बघू.

समोरचा माणूस चिडलेला असेल, दारू प्यायलेला असेल, हातात काठी असेल, तर आधी दोरी आखूड धरा आणि कुत्र्याला आपल्या मागे घ्या. आवाज खाली ठेवा. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं, धन्यावर संकट आलं, आणि ते जास्तच भुंकतं. ‘दादा, मी त्याला घेऊन जाते’ एवढंच म्हणा आणि बाजूला निघा. पळू नका. कुत्र्याला मिठी मारू नका, त्याचं तोंड धरू नका. घाबरलेलं कुत्रं आपल्यालाही चावू शकतं. आणि काही झालं तरी ‘छू’ म्हणून त्याला अंगावर सोडू नका. तसं केलंत तर गुन्हेगार तुम्ही ठरता. माणूस ऐकतच नसेल तर शेजारणीला हाक मारा, ११२ नंबर फिरवा. मोबाइलवर चित्रण करायचं तर ते दुसऱ्या बाईने, लांबून करावं. आपले हात दोरीवर हवेत.

कुत्रं घाबरलंय हे आधीच कळतं. शेपूट पायात जातं, कान मागे पडतात, ते ओठ चाटतं, मग गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारू नका. ती त्याची सूचना असते. गुरगुरल्यावर मार बसतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावतं.

विषाची शंका कशी ओळखायची? तोंडातून लाळ, फेस, अंग थरथरणं, झटके. अशा वेळी मिठाचं पाणी, तेल असलं काही घशात ओतू नका. ते श्वासात जाऊन कुत्रं गुदमरतं. लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, नाही तर १९६२ या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरावर फोन करा. उरलेलं खाणं उघड्या हाताने न धरता पिशवीत भरून ठेवा. कुत्रं दगावलं तर घाईने पुरू नका. आधी पोलिसांत कळवा आणि सरकारी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. त्या कागदाशिवाय तक्रार लंगडी पडते.

कायदा आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ सांगतं, की कुठल्याही जनावराला जाणूनबुजून ठार मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रारीत तारीख, वेळ, जागा, साक्षीदारांची नावं आणि डॉक्टरांचा दाखला द्या. शिव्या आणि जुनी भांडणं त्यात घालू नका.

पण याच कायद्यात कलम २९१ पण आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, तर आपल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेत जाणारं पोर रोज आपल्या दारावरून जीव मुठीत धरून जात असेल, तर त्याच्या आईचा राग खोटा नाही. त्या वेळेला कुत्रं बांधून ठेवणं आपलं काम आहे. आपलं कुत्रं कुणाला चावलंच तर वाद नंतर. आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्या माणसाला स्वतः सरकारी दवाखान्यात लसीला घेऊन जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. गटातल्या किती घरी कुत्रं आहे ते वहीत लिहा. कुणाची लस राहिली ते बघा. डॉक्टरांना एक दिवस गावात बोलवा आणि सगळ्यांची लस एकदम करून घ्या. एकटी बाई कुत्र्यासाठी भांडली की लोक हसतात. पंधरा बायका लसीची कार्डं घेऊन उभ्या राहिल्या की ऐकून घेतात.