स्पिन डॉक्टर
राजकीय नेता वा पक्ष यांच्यासंबंधीच्या घटनांना अनुकूल अर्थ देऊन तोच वृत्तमाध्यमांतून रूढ व्हावा, यासाठी झटणाऱ्या जनसंपर्क-सल्लागारास पत्रकारांनी दिलेली उपरोधिक संज्ञा. ‘स्पिन’ म्हणजे चेंडूला दिलेली फिरकी. ऑक्टोबर १९८४ मध्ये रॉनल्ड रेगन व वॉल्टर माँडेल यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीयात ही संज्ञा ठळकपणे आली. वादसभा संपताच उमेदवारांचे ज्येष्ठ सल्लागार वार्ताहरांमध्ये मिसळून आपापली मते ठामपणे मांडू लागतील, असे भाकीत त्यात होते.

कोणते तपशील घ्यावेत, कर्ता कोणास मानावे व दोष कोठे ठेवावा, या निवडीतून बातमीची चौकट तयार होते. ‘चौकट’ ही संकल्पना समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ मध्ये विस्ताराने मांडली. तिचा वृत्तव्यवहाराशी असलेला संबंध रॉबर्ट एन्टमन यांनी १९९३ मध्ये स्पष्ट केला. ‘स्पिन डॉक्टर’ ही संज्ञाही अशीच एक चौकट होय. तीत सल्लागार हा पडद्याआडचा सूत्रधार, नेता हे त्याच्या हातचे बाहुले आणि पत्रकार हा कपट उघडकीस आणणारा ठरतो.

ही प्रतिमा संज्ञेहून जुनी आहे. अमेरिकन जनसंपर्कतज्ञ आयव्ही ली (१८७७–१९३४) यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांना उद्देशून काढलेल्या निवेदनात आपले काम उघडपणे चालेल व माहिती अचूक असेल, अशी ग्वाही दिली होती. तथापि १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगार व त्यांचे कुटुंबीय मारले गेल्यावर लींनी रॉकफेलर यांच्या वतीने काढलेल्या पत्रकांत चुकीची माहिती आढळली. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना एका विषारी वेलीचे नाव दिले व ते कायमचे चिकटले.

ब्रिटनमध्ये टोनी ब्लेअर (पंतप्रधान, १९९७–२००७) यांचे प्रसिद्धिप्रमुख ॲलेस्टर कँबेल हे या प्रतिमेचे ठळक उदाहरण ठरले. सप्टेंबर २००२ मध्ये शासनाने इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी दस्तऐवज प्रसिद्ध केला. तो मुद्दाम भडक करण्यात आल्याचे वृत्त बीबीसीने मे २००३ मध्ये दिले आणि रोख लवकरच कँबेल यांच्यावर आला. जुलैमध्ये या वृत्तामागील शस्त्रतज्ञ डेव्हिड केली यांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये कँबेल यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २००४ च्या हटन अहवालाने बीबीसीचा आरोप निराधार ठरविला. परंतु इराकमध्ये अशा शस्त्रांचे साठे आढळले नाहीत आणि दस्तऐवजातील निष्कर्ष समर्थनीय नसलेल्या निश्चयाने मांडले गेले होते, असे २०१६ च्या चिलकॉट अहवालाने म्हटले. कँबेल विरुद्ध बीबीसी या चौकटीत, शस्त्रांचा पुरावा कितपत भक्कम होता, हा मूळ प्रश्न बराच काळ मागे पडला होता.

या चौकटीचा लाभ असा, की बातमीमागील हितसंबंधांविषयी वाचक सावध होतो. तिचा दोष असा, की निर्णयाची जबाबदारी नेत्याकडून सल्लागाराकडे सरकते आणि धोरणाऐवजी डावपेच हीच बातमी होते. शिवाय वृत्तमाध्यमांचा स्वतःचा सहभाग तीत झाकला जातो. वार्ताहर माहितीसाठी याच सल्लागारांवर अवलंबून असतात; ली व कँबेल हे दोघेही मूळचे पत्रकारच होते.