‘क्वार्टर’चे कूळ आणि आपला ‘चतुर्थ’

व्याख्यानमाला असो, लग्नाची पंगत असो वा आगगाडीचा प्रवास असो, भाषेचा विषय निघाला की कोणी ना कोणी सुशिक्षित गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात की, इंग्रजीतील ‘क्वार्टर’ हा शब्द म्हणजे आपल्या ‘चतुर्थ’चाच अपभ्रंश होय, आणि श्रोतेही पुरावा न मागता माना डोलावतात. हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि खोडून काढल्यावरही ते पुढच्या बैठकीत इतक्या ताजेपणाने पुन्हा उभे राहते, की त्याची एकदा साद्यंत चौकशी करणे अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दाचे दफ्तर तपासू. लॅटिनमध्ये ‘क्वार्तुस’ म्हणजे चौथा, आणि ‘क्वार्तारियुस’ म्हणजे चौथा हिस्सा. त्यापासून जुन्या फ्रेंचमधला ‘एक-चतुर्थांश’ दाखवणारा शब्द झाला. आणि १०६६ साली नॉर्मन विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दरबार, न्यायासन व महसूल यांवर फ्रेंचचा अंमल बसला, त्यानंतरच्या शतकांत जे असंख्य शब्द इंग्रजीत शिरले त्यांत हाही दाखल झाला. या सगळ्या वाटेवर संस्कृतचा मुक्काम कोठेही लागत नाही.

मग साम्य कोठून आले? साम्य खरे आहे. पण ते बाप-लेकाचे नव्हे, चुलत भावंडांचे आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली, एवढाच भाग आपल्याकडे सांगितला जातो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमापासून निघाल्या असाव्यात, हा त्याच भाषणातील पुढचा आणि अधिक महत्त्वाचा भाग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो.

ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी ध्वनींची साक्ष घ्यावी. ‘काय’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्विद्’चे संस्कृत भावंड ‘चित्’. त्याच सर्वनामाच्या ‘क्वोद्’ या रूपाचे भावंड वैदिक ‘कत्’. ‘आणि’ या अर्थाच्या ‘क्वे’चे भावंड आपला ‘च’. आणि ‘चार’ या अर्थाच्या ‘क्वात्तुओर’चे भावंड ‘चत्वारः’. म्हणजे लॅटिनने जेथे सर्वत्र ‘क्व’ राखला, तेथे संस्कृतात ए, इ यांसारख्या तालव्य स्वरांपुढे मूळच्या कंठ्य ध्वनीचा ‘च’ झाला आणि अन्यत्र ‘क’ राहिला. पुढे तो एकारही अकारात विलीन झाल्याने बदलाचे कारण दृष्टीआड झाले. हा बदल परक्यांनी कल्पिलेला नाही: ‘कृ’ धातूचे ‘चकार’ होताना द्वित्वातील ‘क’चा ‘च’ होतो, हे पाणिनीनेच नियमबद्ध केले आहे. तेव्हा या एका ध्वनीपुरते तरी लॅटिनचे रूप जुने आणि संस्कृतचे नवे आहे; आणि नव्यापासून जुने जन्मले असे म्हणणे हा व्याकरणाचा अभिमान नव्हे, व्याकरणाची अवहेलना आहे. खुद्द इंग्रजीचा ‘फोर’ हा घरचा शब्दही याच मूळ कुळातला आहे. ‘क्वार्टर’ मागाहून दत्तक आला.

दुसरा समज सरकारी वसाहतींतला. पोलीस किंवा रेल्वे क्वार्टर्स म्हणजे चतुर्थांश आकाराची घरे, अशी समजूत पुष्कळांची असते. वास्तविक शहराच्या चौथ्या भागास, आणि मग कोणत्याही भागास, म्हणजे आपल्या पेठेस किंवा मोहल्ल्यास, ‘क्वार्टर’ म्हणू लागले. त्या भागातील निवास, त्यावरून सैन्याची छावणी, आणि तेथून तैनातीच्या नोकरवर्गाची घरे, असा अर्थ सरकत गेला. जेरुसलेमच्या जुन्या शहरात मुसलमान, ख्रिस्ती, आर्मेनियन व ज्यू असे चार ‘क्वार्टर’ आहेत. पॅरिसच्या वीस प्रभागांचे मात्र प्रत्येकी चार विभाग, म्हणजे एकूण ऐंशी, तरी प्रत्येकास तेच नाव.

किरकोळ समजांचा निकाल थोडक्यात लावता येईल. पॅरिसच्या ‘लॅटिन क्वार्टर’मध्ये लॅटिन लोकांची वस्ती नव्हती, विद्यापीठाची भाषा लॅटिन होती. शत्रूस ‘क्वार्टर देणे’ म्हणजे जीवदान देणे. पगाराचा चौथा हिस्सा खंडणी घेऊन कैदी सोडण्याच्या डच-स्पॅनिश करारातून हा प्रयोग निघाला, ही गोष्ट त्याच्या प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही, असे ऑक्सफर्ड कोशाने बजावले आहे. मद्याची १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’ ७५० मिलिलिटरच्या बाटलीची नेमकी चौथाई नाही, ती १८७.५ भरेल. आणि बेकरीतला ‘पाव’ चार तुकड्यांमुळे पाव झाला नाही. तो पोर्तुगीज ‘पांव’ होय, तर पावशेरातला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’चा.

‘चतुर्थ’चे खरे वंशज ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी लंडनकडे न पाहता आपल्याच दफ्तरखान्यात यावे: ‘चतुर्थ’पासून प्राकृत ‘चउत्थ’, त्यापासून ‘चौथा’ व ‘चौथ’, आणि त्याच घराण्यातील ती ‘चौथाई’, जिच्या दख्खनच्या सहा सुभ्यांवरील हक्काची बादशाही सनद १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणली.