राणीच्या घरची लग्नं, आईचं कालनिर्णय

जुलै १९८१ च्या पानावर बुधवार २९ च्या चौकोनात आईने लाल बॉलपेनने फुली मारली आहे. दोन घरं पुढे, शुक्रवार ३१ ला, आषाढी अमावास्या. नुसती अमावास्या नव्हे, सूर्यग्रहणाची. फुलीखाली तिच्या बारीक अक्षरात दोनच शब्द : ‘विचारायचं तरी.’

विचारायचं कुणाला, तर आईला. कुणी, तर प्रिन्स चार्ल्सने.

परवा जिन्याखालच्या कपाटातून ही सगळी जुनी कालनिर्णयं निघाली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं आणि त्या पहिल्या वर्षापासून मामा कोल्हापूरहून एक प्रत आम्हाला लंडनला पोस्टाने पाठवायचा. आईने त्यातलं एकही टाकलेलं नाही. विचारलं तर म्हणते, मागच्या बाजूला पाककृती आहेत. पाककृतींचं मला माहीत नाही, पण राणीच्या घरचं प्रत्येक लग्न त्यात आहे. आईने टीव्हीसमोर बसून अशी सहा लग्नं लावली. त्यांतली चार मुहूर्ताविना लागली, असा तिचा हिशेब.

हे वेड तिला लंडनमध्ये लागलेलं नाही, ती ते ट्रंकेतून घेऊन आली. तिचे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या खासगीत कारकून होते. १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा आई पाच वर्षांची. आजोबांची नोकरी गेली, पण दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी कडक इस्त्रीचा कोट घालून चौकात उभं राहणं गेलं नाही. राजवाड्यातलं लग्न म्हणजे आपल्या घरचं कार्य, आणि घरचं कार्य म्हटलं की त्यात खोड काढण्याचा आपला हक्क, हे दोन्ही त्या घरातून आलं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला आले होते. राजाच्या आजारपणामुळे तो सोहळाच दीड महिना पुढे गेला. ही गोष्ट आई अशी सांगायची, जणू पाहुणे आपले, यजमानांची मात्र ऐनवेळी तारांबळ उडाली.

बाबा राष्ट्र सेवा दलातले. घरात गादी हा शब्द त्यांनी फक्त कापसाच्या संदर्भात चालवून घेतला. लग्नाच्या दिवशी ते वर्तमानपत्र उघडून टीव्हीकडे पाठ करून बसत. मात्र बग्ग्या निघाल्या की वर्तमानपत्र खाली यायचं. घोड्यांना राजकारण नसतं, असं त्यांचं स्पष्टीकरण.

पहिलं लग्न राजकन्या ॲनचं, १४ नोव्हेंबर १९७३. मी तीन वर्षांची होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव. टीव्ही भाड्याचा, काळापांढरा. आदल्याच दिवशी हीथ सरकारने आणीबाणी जाहीर केलेली; तेलाची टंचाई, खाणकामगारांचा असहकार. आमच्या घरात ‘आणीबाणी’ हा शब्द इंदिरा गांधींच्या दीड वर्ष आधी आला तो असा. बाबांनी म्हणे नेहरूंच्या जयंतीची आठवण काढून गुलाबाचं एक फूल टीव्हीवर ठेवलं आणि आईने ते नवरीसाठी आहे असं समजून घेतलं. कालनिर्णयात त्या चौकोनात बरोबरची खूण आहे. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लगीनसराई उघडली होती, तिथीबद्दल तक्रार नव्हती.

१९८१ ला मात्र मी अकरा वर्षांची, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तोवर टीव्ही रंगीत झाला होता. चार्ल्स-डायनाच्या साखरपुड्याचे फोटो फेब्रुवारीत आले तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण अंगठीत नीलम होता. बारा कॅरटचा, भोवती चौदा हिरे. “पत्रिका न दाखवता नीलम घालतात का गं? तीन दिवस उशाखाली ठेवून बघायचा असतो.” मग तारीख जाहीर झाली आणि कालनिर्णय खाली उतरलं. चातुर्मास. त्यात आषाढ. त्यात अमावास्या दोन दिवसांवर आणि तिला ग्रहण. फुली पडली.

तो उन्हाळा लंडनमधल्या आपल्या लोकांना सोपा नव्हता. ३ जुलैला साउथॉलमध्ये दंगल पेटली, एक पब जळून खाक झाला. वंशद्वेषी गाण्यांच्या कार्यक्रमाला पोरं बाहेरून बसने आली होती आणि पंजाबी मुलं त्यांच्यासमोर उभी राहिली. आमच्या हॅरोपासून साउथॉल फार लांब नाही. दोन आठवडे मला एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ दिलं नव्हतं. आणि महिनाअखेरीला त्याच रस्त्यावर टेबलं मांडून, तिरंगी पताका लावून गल्लीची मेजवानी. जावं की नाही यावर घरात रात्रभर खलबत झालं. बाबांचं म्हणणं, तीन आठवड्यांपूर्वी हे शेजारी कुठे होते? आईचं म्हणणं, लग्नघरचं आमंत्रण नाकारत नाहीत. पण लग्नघर इथून बारा मैलांवर आहे, असं बाबा म्हणाले. आईने उत्तर दिलं नाही, बटाटे उकडायला लावले.

वडे सँडविचांच्या आधी संपले. समोरच्या घरातल्या म्हातारबाईंनी, ज्या आठ वर्षांत आमच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या, आईच्या नऊवारीचा काष्टा कसा बसतो हे फिरून फिरून पाहिलं. त्यांनी कोरोनेशन चिकन केलं होतं. १९५३ च्या राज्यारोहणासाठी शोधलेला हा पदार्थ, त्यात मसाला म्हणजे करी पावडर. आईने चव घेऊन “हळद कच्ची राहिली” असं मराठीत हसत हसत सांगितलं आणि त्यांनी ती दाद समजून अजून एक डाव वाढला.

पण त्याआधीची सकाळ महत्त्वाची. आईने आम्हा सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या होत्या, कुंकू लावलेल्या, रीतसर. काचेच्या बग्गीतून डायना उतरली तेव्हा तो हस्तिदंती तफेता चुरगळलेला दिसला. पंचवीस फुटांचा मागचा घोळ एवढ्याशा बग्गीत घडी घालून बसवलेला, दुसरं काय होणार? “कुणी मावशी-आत्या नाही का हिला इस्त्री करून द्यायला,” आई कळवळली. पुढे शपथेत डायनाने नवऱ्याच्या नावांचा क्रम चुकवला, चार्ल्सच्या आधी फिलिप म्हणाली. त्यावर बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले की हिने तर सासऱ्याशीच लग्न लावलं. आम्ही अक्षता टाकल्या. त्या दिवशी जगभरात पंचाहत्तर कोटी लोक हे पाहत होते असा अंदाज सांगतात. त्यातल्या किती घरांत टीव्हीच्या मागच्या जाळीतून तांदूळ आत गेले असतील? आमच्या घरी गेले. दोन वर्षांनी दुरुस्तीला आलेल्या माणसाने मागचं झाकण उघडलं आणि काही न बोलता ते झटकून काढले.

१९८६ चं अँड्र्यूचं लग्न याच आषाढात, २३ जुलैला. फुली. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मग आलं १९९२. राणीने स्वतः ज्या वर्षाला भयंकर म्हटलं ते. मार्चमध्ये अँड्र्यू वेगळा झाला, एप्रिलमध्ये ॲनचा घटस्फोट, डिसेंबरात चार्ल्स-डायना विभक्त झाल्याचं पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं. आईने जुनी कालनिर्णयं काढली. दोन फुल्या खऱ्या ठरल्या म्हणून विजयाने बघणार, तर ॲनची बरोबरची खूण आडवी आली. त्यावरून एका रविवारी जेवताना आईबाबांची जी जुंपली, तशी मी परत पाहिली नाही.

बाबांनी मुद्दा काढला राणीच्याच लग्नाचा. २० नोव्हेंबर १९४७. त्या सालचं पंचांग घरात नव्हतं, पण बाबांना दिवाळी पाठ होती : गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावरून कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांशी बोलले तो १२ नोव्हेंबर, दिवाळीचा दिवस. म्हणजे लग्न लागलं तेव्हा लक्ष्मीपूजनाला जेमतेम आठ दिवस झालेले. कार्तिकी एकादशी यायची होती, तुळस अजून अविवाहित. “चातुर्मासात लागलं,” बाबा म्हणाले, “आणि पंचेचाळीस वर्षं नांदतेय तुझी राणी. आता बोल.”

आईने आमटीचा भुरका मारला. “तिला गांधीजींचं सूत लाभलं.”

बाबांना हसावं की चिडावं कळेना, कारण ही गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली होती. त्या लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं एक विणलेलं वस्त्र माउंटबॅटनच्या हाती आहेर म्हणून पाठवलं. आहेरांच्या प्रदर्शनात ते पाहून जुन्या मेरी राणीला तो पंचा वाटला आणि तिचं माथं भडकलं. निजामाने हिऱ्यांचा कंठा दिला होता. ब्रिटनमध्ये तेव्हा कापड रेशनवर. वधूलासुद्धा पोशाखासाठी जादा कुपनं घ्यावी लागली. अशा लग्नात सूत देणारा एकच माणूस होता, असं बाबा सांगायचे. त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर उलटलं होतं.

माझं लग्न १९९४ चं. तीन पंचांगं पाहून काढलेला मुहूर्त, मिनिटावर साधलेला. ते दहा वर्षं टिकलं.

२००४ च्या शरदात मी दोन बॅगा आणि सात वर्षांचा मुलगा घेऊन हॅरोला परत आले. आई पंचांगाबद्दल अवाक्षर बोलली नाही. त्या रात्री मात्र, पोराला झोपवून झाल्यावर, तिने मला इंदिराराजेंची गोष्ट सांगितली, जी आधी कधीच सांगितली नव्हती. बडोद्याच्या सयाजीरावांची लेक. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिने स्वतः पत्र लिहून मोडलं आणि १९१३ साली इथे, लंडनमध्ये, एका हॉटेलात कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केलं. आईवडील लग्नाला आले नाहीत. “एवढे सुधारक महाराज,” आई म्हणाली, “लेकीच्या वेळी मात्र पाय निघाला नाही त्यांचा.” मग उठून तिने माझ्या बॅगेतले कपडे कपाटात लावायला घेतले.

पुढल्या एप्रिलमध्ये चार्ल्स आणि कॅमिलाचं लग्न ठरलं, शुक्रवार ८ तारखेला. आईने डायनासाठी १९९७ च्या सप्टेंबरात केन्सिंग्टनच्या फाटकाशी फुलं ठेवली होती. कॅमिला हे नाव ती त्यानंतर उच्चारत नसे, ‘ती बाई’ म्हणे. तरीही सवयीने कालनिर्णय पाहिलं. अमावास्या. “जन्मात सुधारायचे नाहीत,” एवढंच म्हणून तिने फुली मारली. त्यानंतर पोप दुसरे जॉन पॉल वारले. त्यांचा अंत्यविधी ८ एप्रिललाच आला, चार्ल्सला रोमला जाणं भाग पडलं आणि लग्न एक दिवस पुढे गेलं.

शनिवार ९ एप्रिल २००५. गुढीपाडवा. साडेतीन मुहूर्तांतला एक.

फुली तशीच ठेवून आईने शेजारच्या चौकोनात काही लिहिलेलं नाही. पण त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. सकाळी मागच्या अंगणात गुढी उभारली, वाऱ्याने तांब्या दोनदा पडला. गल्लीत एकही पताका नव्हती, सुट्टी नव्हती, कुणी टेबलं मांडली नाहीत. विंडसरच्या नगरभवनात रजिस्टर लग्न, तिथे कॅमेराही नाही, राणीही नाही. ती नंतर चॅपलमधल्या प्रार्थनेला आली. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, दोघांचीही पहिली लग्नं मोडलेली, चॅपलच्या पायऱ्यांवर उभी होती आणि वाऱ्यात नवरी डोक्यावरची पिसं सावरत होती. मी आईकडे पाहायचं टाळत होते. ती स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, डायनासाठी उठून गेली. ती आली ती श्रीखंडाची वाटी आणि चिमूटभर अक्षता घेऊन. त्या तिने टीव्हीवर टाकल्या नाहीत. माझ्या हातात दिल्या.

“टाक की गं,” म्हणाली. “दुसऱ्यांदाचं असलं म्हणून काय झालं.”

त्यानंतरची दोन मी भराभर सांगते. २०११ ला विल्यम आणि केटचं, २९ एप्रिल, शुक्रवार. चैत्र वद्य, पुढल्याच शुक्रवारी अक्षय्य तृतीया होती. आठवडाभर थांबवलं नाही यांना, म्हणून आई डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात भेटेल त्या प्रत्येकीला सांगत होती. वर बोटात तोच नीलम, सासूचा. त्या दिवशी आमच्याकडे बावीस माणसं होती, मिसळ होती, मुलाच्या मित्रांनी दिवाणखान्यात पताका लावल्या होत्या आणि बाबांनी शेवटच्यांदा घोडे पाहिले.

हॅरी-मेगनचं १९ मे २०१८ ला. १६ मेला अधिक ज्येष्ठ लागलेला. धोंड्याचा महिना, लग्नाचं नावही काढायचं नाही. फुली ठळक आहे, दोनदा गिरवलेली. पण अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, तर घरात जावई उरला नसला तरी आईने तीन दिवस तांदूळ भिजवून, गुळात पीठ मुरवून तेहेतीस अनारसे तळले होतेच. खसखस सगळ्या ओट्यावर पसरली होती. तेच ताट मध्ये ठेवून आम्ही बसलो, मी, मुलगा आणि ती.

विंडसरच्या चॅपलमध्ये नवरीच्या बाजूला तिची आई एकटीच बसली होती. फिकट हिरव्या पोशाखात, शेजारी नात्यागोत्याचं कुणी नाही. समोर अख्खं राजघराणं ओळीने. कॅमेरा पुन्हा पुन्हा तिच्यावर जायचा आणि ती डोळ्यांतलं पाणी आवरत असायची.

“एकटीच आलीय गं,” आई म्हणाली. मग बराच वेळ तिने नवरीकडे बघितलंच नाही.

विधी संपल्यावर सगळे उठले. चार्ल्स वळला आणि त्याने विहिणीपुढे हात धरला. तिने तो धरला आणि दोघं बरोबर चालू लागली.

“व्याह्याने रीत पाळली हो,” आई म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. “घे. गार झाले तरी कुरकुरीत आहेत.”